तळटीप छापायची की कपाट पाडायचं?

घाटमाथा:

बोलण्याला, लिहिण्याला आणि सहिष्णुतेला मर्यादा असावी का, या वादात हमखास येणाऱ्या व्हॉल्टेअर आणि पॉपर या दोन तत्त्वज्ञांना या धाग्यावर रजा दिलेली आहे. त्यांची अवतरणं एकमेकांच्या अंगावर फेकून झाली की चर्चा आटोपते, असा आजवरचा अनुभव. त्यापेक्षा आपल्याच दारात घडलेल्या तीन गोष्टी घेऊ.

१६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. नाटक पीडीएचं, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनचं. नाना फडणवीस असा दाखवतात का, पुण्याचे ब्राह्मण असे दाखवतात का, म्हणून गदारोळ झाला आणि १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं. थांबवलं कुणी? सरकारने नाही आणि कोर्टानेही नाही, संस्थेतल्याच वडीलधाऱ्यांनी. मग नाटकातली मंडळी बाहेर पडली, मार्च १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ च्या सुरुवातीला नाटक पुन्हा उभं केलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि कमी आठवली जाणारी. डॉ. आंबेडकरांचं लेखन महाराष्ट्र शासन स्वतः खंडाखंडाने छापत होतं, संपादक वसंत मून. १९८७ मध्ये चौथा खंड आला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्याच्या परिशिष्टात राम आणि कृष्ण यांच्यावरचं प्रकरण होतं. ते गाळा म्हणून शिवसेनेने रान उठवलं. सरकार डळमळलं, गाळायच्या गोष्टी बोलू लागलं. मग 'एक अक्षर गाळायचं नाही' म्हणत दलित संघटनांचा फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. अखेर तोडगा निघाला तो असा: प्रकरण जसंच्या तसं राहील, त्याला एक टीप जोडली जाईल, या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही.

ज्यांच्याकडे हा खंड आहे त्यांनी उघडून बघा. बाबासाहेबांचा मजकूर आपल्या जागी, आणि शासनाची असहमती एका ओळीत. मला हा तोडगा महाराष्ट्राने या बाबतीत काढलेला सगळ्यात शहाणा तोडगा वाटतो.

तिसरी गोष्ट भांडारकर संस्थेची. शिवाजी महाराजांवरच्या जेम्स लेन यांच्या पुस्तकावरून वाद पेटला. ऑक्सफर्डने ते पुस्तक नोव्हेंबर २००३ मध्येच भारतातून मागे घेतलं. डिसेंबरात संस्थेशी संबंधित संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. आणि ५ जानेवारी २००४ ला जमाव भांडारकरमध्ये घुसला, कपाटं आडवी केली, पोथ्या जमिनीवर फेकल्या. संस्थेचा गुन्हा काय? लेखकाने ऋणनिर्देशात तिचं नाव घेतलं होतं. ज्या संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिथल्या पोथ्या बाजारात उपलब्धच नसलेल्या पुस्तकापायी तुडवल्या गेल्या. ७२ जणांना अटक झाली. २०१७ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं.

आता माझं म्हणणं. 'अभिव्यक्तीला मर्यादा हव्यात की नकोत' हा प्रश्न आपण फार भारदस्त करून ठेवला आहे. प्रत्यक्षात मर्यादा घटनापीठ आखत नाही. ज्याच्या काचा फुटू शकतात तो ती आखतो: छापखान्याचा मालक, नाट्यगृहाचा व्यवस्थापक, ग्रंथपाल. मी लहानशा प्रकाशनात काम करतो. इतिहासाचं पुस्तक छपाईला द्यायचं तर छापखानेवाला आधी विचारतो, 'कुणाविरुद्ध आहे?' कागद, बांधणी, रंग हे सगळं नंतर.

माझ्या मते हिंसेची थेट चिथावणी आणि जिवंत माणसांच्या समूहाला माणसातून उठवणारा प्रचार, एवढं सोडून बाकी सगळं छापलं जावं, बोललं जावं, आणि ज्याला पटत नाही त्याने तळटीप छापावी. शासनानेसुद्धा. तुम्हाला काय वाटतं?

आगाऊ:

जागा धरून बसलोय. धुरळा उडायला लागला की हाक मारा.

तिसरीघंटा:

घाटमाथाराव, 'घाशीराम'पुरतं ठीक आहे, पण नाटकात सरकार नसतं असा कुणाचा समज व्हायला नको. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. संहिता आधी तिथे जाते, कोणीतरी ती वाचतं, खुणा करतं, मग प्रमाणपत्र मिळतं. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं तरी ते लागतं. कविसंमेलनाला लागत नाही, कीर्तनाला लागत नाही, प्रचारसभेला तर नाहीच नाही. त्याच मंचावर काल एखाद्या पुढाऱ्याने वाट्टेल ते बोलून जावं आणि आज आमच्या पात्राने शिवी दिली की ती लाल शाईत. अमोल पालेकर २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणाविरुद्ध हायकोर्टात गेले, ते उगाच नाही. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा केंद्राने रद्दसुद्धा केला, पण आमचं मंडळ मुंबई पोलीस कायद्याच्या आधारावर उभं, त्याला धक्का नाही.

पण तुमचा मूळ मुद्दा सोळा आणे खरा. मंडळ हा त्रास आहे, धोका नाही. मंडळाशी भांडता येतं. १९७२ मध्येच कमलाकर सारंग 'सखाराम बाइंडर'साठी हायकोर्टात गेले आणि जिंकून आले. खरी गोची तालुक्याच्या गावी होते. तारीख घेतली, अनामत भरली, सेटचा टेम्पो निघाला, आणि दुपारी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचा फोन: 'दादा, नाटकात महापुरुष कोण कोण आहेत?' नाही म्हणावं तर नावातच आहे. हो म्हणावं तर 'मग अमक्या-तमक्यांना जरा भेटून या ना, त्यांचं काही नसलं की आमचं काही नाही.' हे अमके-तमके म्हणजे मंडळ नाही, पोलीस नाहीत, कोर्ट तर नाहीच. चौकात ज्यांचा फ्लेक्स लागतो ते. आमची संहिता त्यांनी वाचली नव्हती, वाचायची त्यांची इच्छाही नव्हती. चहा पाजला, फोटो काढला, प्रयोग झाला.

आणि त्या प्रयोगात नटाने दोन वाक्यं स्वतःहून खाल्ली. मी त्याला विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

निळीशाई:

लेख वाचला. तळटीपेचं एवढं कौतुक बघून लिहिणं भाग आहे.

शासनाने आजवर काय कमी छापलंय? तुकोबांची गाथा शासनाने छापली. तिच्यात भोंदू साधूंवर, कर्मठांवर, वेदांचा नुसता भार वाहणाऱ्यांवर किती कोरडे आहेत. तिथे कुठल्या अभंगाला 'शासन सहमत नाही' अशी टीप आहे? बाबासाहेबांच्या लेखनालाच लागली. म्हणजे इतर सगळे लेखक लेखक, आणि आमचा लेखक वादग्रस्त. शहाणा तोडगा म्हणता तो शाळेतल्या वेगळ्या माठासारखा आहे. पाणी मिळालं हे खरंच, पण माठ वेगळा.

आणि दुसरं. तो मोर्चा तुम्ही एका वाक्यात उरकलात. आमच्या घरात तो एका वाक्यात उरकत नाही. माझे वडील तेव्हा गिरणीत होते, त्या दिवसाचा खाडा करून गेले होते. बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या, खेड्यापाड्यांतून माणसं रेल्वेने आली होती. त्यातल्या बहुतेकांनी ते इंग्रजी परिशिष्ट वाचलेलं नव्हतं, वाचता येणारही नव्हतं. पण आपल्या माणसाने लिहिलेलं कोणी परस्पर कापणार, एवढं त्यांना कळत होतं. मोर्चा निघून गेल्यावर हुतात्मा चौकाचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. लाखो लोक सनदशीर मार्गाने येऊन गेले म्हणून दगड धुवायचा! सहिष्णुतेची मर्यादा शोधताय ना, ती तिथे सापडेल. परिशिष्टात काय छापलंय ती फार पुढची गोष्ट.

तुमची टीप सरकारच्या शहाणपणातून आलेली नाही. लाखो पायांनी ती आणली. रस्त्यावर उतरता आलं नसतं तर परिशिष्ट केव्हाच गेलं असतं आणि आज तुम्ही धागा काढलाच नसता.

घाटमाथा:

निळीशाईताई, माठाचं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. पण मी टीप 'कोणी आणली' यावर बोलत नव्हतो, टीप 'काय करते' यावर बोलत होतो. ती मजकूर वाचवते. समजा उद्या शासन तुकोबांनाही टीप लावू लागलं, ज्ञानोबांनाही, सावरकरांनाही, फुल्यांनाही, तर तुमची हरकत राहील का? माझी नाही. सगळ्यांचा माठ एकदाचा वेगळा करून टाका.

शिवाय रस्त्याचा मुद्दा दुधारी आहे. संख्येच्या बळावर मजकूर वाचतो हे मान्य केलं, की संख्येच्या बळावर मजकूर जातो हेही मान्य करावं लागतं.

निळीशाई:

नाही करावं लागत. एका मोर्चाने मागितलं की छापा. दुसऱ्याने मागितलं की छापू नका. संख्या सारखी असली म्हणून मागणी सारखी होत नाही.

आगाऊ:

+१. तिसऱ्या प्रतिसादातच धुरळा. धन्यवाद.

सह्यकडा:

या धाग्यावर मी एकटा पडणार हे माहीत असून लिहितो. भांडारकरवरचा हल्ला निंद्य होता हे आधीच सांगतो, म्हणजे पुढची दहा वाक्यं वाया जायची नाहीत.

शिवाजी महाराज माझ्यासाठी अभ्यासाचा विषय नंतर, आधी घरचे आहेत. घरच्या माणसाबद्दल, त्याच्या आईबापांबद्दल कोणी ऐकीव कुचाळकी करावी, तिला मोठ्या प्रकाशनाचा शिक्का मिळावा, आणि मग आम्हाला सांगावं की तुम्ही लेख लिहून उत्तर द्या. कुठे लिहायचा लेख? ज्या नियतकालिकांत तो छापून यावा लागतो तिथे माझ्यासारख्याचं पत्रही छापत नाहीत. गावातला पोरगा इंग्रजीत प्रतिवाद कसा करणार? घाटमाथा यांची तळटीप छापायला हातात छापखाना लागतो. तो ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या आहे त्यांना सहिष्णुता परवडते. हा मुद्दा निळीशाई यांना तरी पटावा.

दुसरं म्हणजे घटना काही मोकाट सोडत नाही. कलम १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तीच्या हक्काखाली मर्यादा घालणारं १९(२) आहेच. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीत नेहरूंनी त्यात 'सार्वजनिक सुव्यवस्था' घातली, आणि तेव्हा कायदामंत्री खुद्द डॉ. आंबेडकर होते. मर्यादा हा काही झुंडीचा शोध नाही. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने गांधीजींवरच्या मराठी कवितेच्या खटल्यात म्हटलं आहे की ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तींच्या तोंडी काही घालताना जास्त जपून राहावं लागेल. मग आम्ही तेच म्हटलं तर आम्ही झुंड?

तारीखपेतारीख:

पेशाने वकील आहे, आयडीवरून कळलंच असेल. सह्यकडा यांनी कवितेचा विषय काढला म्हणून ते प्रकरण नीट सांगतो, कारण ते ऐकल्यावर त्यांचा मुद्दा पक्का होतो की पातळ, हे तुमचं तुम्ही ठरवा.

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता ऐंशीच्या दशकातली. १९९४ मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापून आली. बुलेटिन म्हणजे कसं, पगारवाढ, बदल्या, मागण्या, आणि कोपऱ्यात एखादी कविता. तक्रार झाली, अश्लीलतेचं कलम २९२ लागलं. बुलेटिन काढणाऱ्याने तेव्हाच बिनशर्त माफी मागितली होती. तरी खटला चालत राहिला, हायकोर्टात गेला, सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि निकाल लागला मे २०१५ मध्ये. माफी मागितली होती म्हणून प्रकाशक सुटला, कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. एक कविता, एक बुलेटिन, २१ वर्षं. यात शिक्षा कोणती आणि सुनावणी कोणती हे मला वकील असून सांगता येत नाही. त्या निकालातली 'आदरणीय व्यक्ती' ही कसोटी सह्यकडा म्हणतात तशी आहेच. माझ्या मते ती चुकीची आहे. आदरणीय कोण याची यादी कुठल्या राजपत्रात निघते?

लेन प्रकरणात मात्र न्यायालयाने दुसऱ्या टोकाने सरकारला धरलं. राज्य सरकारने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली पुस्तक सरकारजमा केलं होतं. हायकोर्टाने २००७ मध्ये ती अधिसूचना रद्द केली आणि ९ जुलै २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. कारण काय? समाजासमाजांत वैर वाढतं म्हणता, तर कुठल्या दोन समाजांत, ते तरी लिहा. अधिसूचनेत ते लिहिलंच नव्हतं. लक्षात घ्या, 'आमच्या भावना दुखावल्या' हे वैर वाढवण्याच्या कलम १५३अ मध्ये नाही. दोन गट लागतात. एकटा चिडलेला गट पुरत नाही. (आता ही कलमं भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९ झाली आहेत, पण वकिलांमध्ये अजून सगळे १५३अ, २९५अ असंच म्हणतात.)

आणि धार्मिक भावना दुखावण्याचं कलम २९५अ. ते आलं १९२७ मध्ये, लाहोरच्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला हायकोर्टाने सोडल्यावर उठलेल्या वादळामुळे. कायदा आला की लोकांचा राग निवळेल असं सरकारला वाटलं. दोन वर्षांत त्या प्रकाशकाचा खून झाला.

सह्यकडा, तुमच्या 'सार्वजनिक सुव्यवस्थे'वरही उत्तर आहे. १९८९ चा रंगराजन निकाल. आरक्षणावरचा एक तमिळ चित्रपट होता, दाखवला तर दंगा होईल असं सरकारचं म्हणणं. न्यायालयाने सांगितलं की विरोधी जमाव आवरता येत नाही ही सबब सरकारला चालणार नाही, तो आवरणं हेच सरकारचं काम. नाहीतर धमकी देणाऱ्यालाच नकाराधिकार मिळतो. माझ्या दृष्टीने या अख्ख्या विषयातला हा सगळ्यात मोलाचा निकाल आहे आणि पोलीस ठाण्यात तो कोणालाही माहीत नसतो.

लेकशोर:

शिकागोच्या उत्तरेला राहते. इथलं एक उदाहरण, कारण ते माझ्या घरापासून जवळच घडलं.

स्कोकी नावाचं उपनगर आहे. सत्तरच्या दशकात तिथे ज्यू वस्ती मोठी होती आणि त्यांच्यात छळछावण्यांतून वाचलेले बरेच लोक होते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एका नाझी टोळक्याने नेमकं तिथेच, स्वस्तिकाच्या पट्ट्या बांधून, निदर्शनं करायची ठरवली. गावाने बंदी घातली. त्या टोळक्याची बाजू कोर्टात मांडली एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने, आणि वकील होते डेव्हिड गोल्डबर्गर, स्वतः ज्यू. नाझी जिंकले. एसीएलयूचे हजारो सभासद सोडून गेले. आणि शेवटी ते टोळकं स्कोकीत आलंच नाही, १९७८ मध्ये शिकागोतच निदर्शनं करून गेलं.

इथले लोक याचा अभिमानाने दाखला देतात. मला कधी पूर्ण पटलं, कधी नाही. पण आज स्कोकीत होलोकॉस्टचं मोठं संग्रहालय उभं आहे, २००९ मध्ये उघडलं. तिथले वाचलेले लोक त्या प्रसंगानंतर बोलते झाले, शाळांतून जाऊन सांगू लागले, त्यातून ते वाढत गेलं. घाटमाथा यांच्या भाषेत सांगायचं तर गावाने तळटीप दगडाविटांत बांधली.

निळीशाई:

लेकशोर, संग्रहालय बांधायला पैसा आणि तीस वर्षं लागली. दलित कुटुंबाचं हत्याकांड झालं त्या खैरलांजीला काय बांधलंय?

लेकशोर:

याला माझ्याकडे उत्तर नाही.

राईनकाठ:

जर्मनीतून. इथे उलट टोक. नाझी चिन्हं दाखवणं गुन्हा, ज्यूंचं हत्याकांड झालंच नाही म्हणणं हा १९९४ पासून स्पष्ट शब्दांत गुन्हा, कलम १३०. पण त्यात एक गोष्ट मला आवडते: काय म्हणायचं नाही ते नेमकं लिहिलेलं आहे. माणसांचा कोणता समूह, कोणता काळ, कोणतं कृत्य. 'भावना' हा शब्द मापाला घेतलेला नाही.

एक कलम मात्र आपल्यासारखं आहे, १६६. धार्मिक श्रद्धेचा अपमान गुन्हा, पण कधी, तर सार्वजनिक शांतता बिघडेल अशा रीतीने केला तर. याचा अर्थ काय होतो बघा. जो समाज शांत बसतो त्याच्या श्रद्धेला संरक्षण कमी, जो रस्त्यावर येतो त्याला जास्त. गप्प बसणाऱ्यालाच दंड. ते काढून टाका असं इथले लोक अधूनमधून म्हणत असतात.

सह्यकडा:

राईनकाठ यांचा शेवटचा परिच्छेद माझ्याच बाजूचा आहे, त्यांना तसं वाटत नसलं तरी. व्यवस्था शांत माणसाचं ऐकत नाही म्हणून माणूस आरडाओरडा करतो. वकीलसाहेब, रंगराजन निकाल वाचेन. पण मूळ प्रश्नाचं उत्तर कोणी दिलेलं नाही: ज्याच्या हातात छापखाना नाही त्याने काय करायचं?

निळीशाई:

सह्यकडा, मला पटावा म्हणालात तो मुद्दा खरंच पटतो, अर्ध्यापर्यंत.

२०१२ मध्ये अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या व्यंगचित्रावरून संसदेत गोंधळ झाला, आठवत असेल. शंकर यांचं १९४९ चं चित्र. संविधान म्हणजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेले, मागे नेहरू चाबूक उगारून. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचा राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी पळशीकर सरांच्या विद्यापीठातल्या ऑफिसची नासधूस झाली. आमच्याच लोकांनी केली. मला लाज वाटली. चित्र पुस्तकातून काढावं असंही मला वाटलं नव्हतं. पण त्या वेळच्या अग्रलेखांत 'दलितांना विनोद कळत नाही' असा जो सूर लागला ना, तोही विसरले नाही. मी शिकवते. वर्गात ते पान उघडलं की मागच्या बाकावरचं हसू कोणावर असतं हे मला ठाऊक आहे, गोगलगायीवर नसतं. मी ते चित्र तरीही शिकवलं असतं. पोरांना विचारलं असतं, या चित्रातला चाबूक तुम्हाला कोणाच्या पाठीवर पडताना दिसतो? अर्धा तास नुसता त्यावर गेला असता, आणि चांगला गेला असता. पुढे थोरात समिती नेमली गेली, तिने बरीच चित्रं काढायची शिफारस केली, एका सदस्याने असहमती नोंदवली.

छापखाना नव्हता तेव्हा आम्ही काय केलं विचारता? काढला. 'मूकनायक' १९२० मध्ये निघालं तेव्हा कोणी हातात आणून दिलं नव्हतं. जलसे केले, गाणी केली. आणि बाबासाहेबांनी दुसऱ्यांच्या बोलण्यासाठीही कोट चढवला. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक शिक्षणाच्या मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ मध्ये, तेव्हा कर्व्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं? खटला हरले. कर्व्यांनी दंड भरला आणि अंक काढत राहिले, १९५३ मध्ये जाईपर्यंत. इंग्रज सरकारचा दंड भरून पुढचा अंक काढता येत होता. जमाव आला की अंकच राहत नाही. म्हणून माझा राग तळटीपेवर असला तरी कपाट पाडणाऱ्यांपेक्षा मी तिच्या बाजूला उभी राहीन, कुरकुरत.

घाटमाथा:

कुरकुरत का होईना! ताई, आता मला सरकारी टीपच नको वाटायला लागली आहे. असहमती ज्याची त्याने आपल्या नावाने छापावी. सह्यकडा, तुमच्यासाठी खरंच सांगतो, लेन यांच्या पुस्तकाचं साधार खंडन करणारं हस्तलिखित घेऊन या, मराठीत असलं तरी चालेल. आमच्या प्रकाशनापुढे मांडतो. पदरचे पैसे भरायला लागणार नाहीत. इतिहासाची साधनं, पत्रं, तारखा, सगळं तपासू मात्र.

सह्यकडा:

बघा हं, शब्द दिलात. मी लिहिणारा नाही, पण लिहू शकेल असा माणूस माहीत आहे. छापखानेवाला 'कुणाविरुद्ध' विचारेल तेव्हा काय सांगणार?

घाटमाथा:

सांगेन, एका पुस्तकाविरुद्ध आहे. बघू चेहरा कसा होतो.

तारीखपेतारीख:

काचांचा विषय निघाला आहे तर एक माहिती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: दंगा, मोर्चा यात मालमत्तेचं नुकसान झालं तर करणारे आणि बोलावणारे दोघांकडून वसुली, त्यासाठी दावा आयुक्त नेमायचे. आणि त्याआधीच आपल्या मुंबई हायकोर्टाने २००४ मध्ये, २००३ च्या मुंबई बंदबद्दल, शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख भरायला लावले होते. म्हणजे फोडणाऱ्याने भरायचं ही गोष्ट महाराष्ट्रात झालेली आहे, स्वप्नरंजन नाही. बोलण्याच्या मर्यादेवर आपण शंभर वर्षं वाद घालतोय. नुकसानीचं बिल योग्य पत्त्यावर गेलं तर निम्मे वाद मिटतील.

तिसरीघंटा:

वकीलसाहेब, निकालाची प्रत द्या, पुढच्या दौऱ्यात फाइलला लावतो. पण त्या व्यवस्थापकाला मी ओळखतो. तो प्रत हातात घेईल, चष्मा लावून पहिलं पान वाचेल आणि म्हणेल, 'वीस लाख कधी मिळतील ते मिळतील हो दादा, आज रात्री साडेनऊला पुढच्या तीन रांगा मोडल्या तर उद्या सकाळी दहाला इथे शाळेचं गॅदरिंग आहे, पोरं बसवू कुठे?'